दीड मिलिसेकंदाचा हुकूम : सर्व्हो मोटरच्या संकेताचा इतिहास

काडेपेटीहून लहान, निळसर प्लास्टिकच्या कवचातली, अवघी नऊ ग्रॅम वजनाची एक मोटर आज जवळपास प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आढळते. तिला तीन तारा असतात. दोन विजेसाठी, तिसरी हुकमासाठी. या तिसऱ्या तारेवरून सेकंदाला सुमारे ५० वेळा एक छोटा विद्युत्‌-स्पंद येतो. स्पंद १ मिलिसेकंद टिकला तर मोटरचा दांडा एका टोकाला जातो, २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला, आणि १.५ मिलिसेकंद टिकला तर बरोबर मध्यावर थांबतो.

विद्यार्थी हे आकडे पाठ करतात आणि पुढे जातात. मात्र हे आकडे भौतिकशास्त्राच्या कोणत्याही नियमातून निघत नाहीत आणि कोणा मानक संस्थेच्या ठरावातूनही आलेले नाहीत. ते ज्या खेळातून आले, तो खेळ म्हणजे लाकडाची हलकी विमाने रेडिओने उडवणे. त्या खेळात चूक झाली की महिनोन्‌महिन्यांचे काम काही क्षणांत जमिनीवर विखुरले जाई. या थ्रेडमध्ये त्या आकड्यांचा माग.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'सर्व्हो' हा लॅटिन 'सर्वुस', म्हणजे दास, या शब्दावरून आला. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'सर्व्हो-मोतर' हा शब्द वापरला. त्याच्यापुढचा प्रश्न वाफेच्या जहाजांचा होता. जहाजे इतकी अवजड झाली होती की सुकाणू माणसांच्या बळाने वळवणे कठीण जात होते. वाफेचे इंजिन ते वळवू शकत होते, परंतु इंजिनाला 'कुठे थांबायचे' हे कळत नव्हते. चाक दहा अंश फिरवले तर सुकाणूने त्याच प्रमाणात फिरून थांबले पाहिजे. त्यासाठी सुकाणू प्रत्यक्षात कुठे आहे याची खबर सतत इंजिनाकडे परत जायला हवी. हुकूम आणि स्थिती यांतला फरक शून्य झाला की इंजिन बंद. हा फीडबॅक म्हणजेच सर्व्होचा प्राण. मोटर कितीही बलवान असली तरी फीडबॅकवाचून ती सर्व्हो होत नाही.

ही कल्पना मुंबईला अगदीच अपरिचित नव्हती. 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळातल्या सर्वांत मोठ्या जहाजावर जॉन मॅकफार्लेन ग्रे याने १८६० च्या दशकात असेच वाफेचे सुकाणू-यंत्र बसवले होते. हेच जहाज १८७० च्या सुरुवातीला मुंबई ते एडन ही समुद्रतळाची तारायंत्र-केबल टाकण्यासाठी मुंबई बंदरात आले. केबलचे कौतुक झाले आणि इतिहासाच्या पुस्तकांत केबलच राहिली. जहाज वळवणाऱ्या यंत्राकडे कोणाचे विशेष लक्ष गेल्याचे दिसत नाही.

हुकूम तारेवाचून पाठवण्याची गोष्ट यानंतरची. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहान नौका रेडिओ-लहरींनी चालवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पेटंटही मिळाले. त्या नौकेचा पराक्रम सांगताना एक बाब हमखास विसरली जाते. तिला 'थोडे डावीकडे' असे काही सांगता येत नव्हते. लहर आली की आतील चकती एक घर पुढे सरके आणि त्या घराला जे काम नेमून दिले असेल ते होई. पुढचे काम हवे असेल तर पुन्हा लहर पाठवायची. थोडक्यात, रेडिओवरून केवळ एकच शब्द जात होता : 'पुढचे'.

पुढची जवळजवळ साठ वर्षे हौशी रेडिओ-नियंत्रणाची भाषा याच एका शब्दाभोवती अडकून राहिली.

१९३७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या कॅलामझू गावात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे मोठे मॉडेल विमान रेडिओने उडवले. वॉल्टर विमाने बांधणारा, विल्यम हौशी रेडिओचा जाणकार. ते विमान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. सैन्याने याच्याही आधी रेडिओने चालणाऱ्या विमानांवर प्रयोग केले होते आणि दुसऱ्या महायुद्धात तर जर्मनीच्या रेडिओ-नियंत्रित बॉम्बने सप्टेंबर १९४३ मध्ये 'रोमा' ही इटालियन युद्धनौका बुडवली. लष्कराकडे पैसा होता, वजनाची फारशी चिंता नव्हती आणि यंत्र एकदाच वापरायचे होते. हौशी माणसाची अट अगदी उलट होती. यंत्र हलके हवे, स्वस्त हवे आणि संध्याकाळी ते शाबूत घरी परत यायला हवे. आजच्या सर्व्होचा संकेत या तिसऱ्या अटीपोटी जन्मला, असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या काळातील हौशी विमानात मोटरऐवजी रबर असे. पिळलेला रबरबँड आणि त्याला अडवून धरणारा एक खिळीसारखा भाग, ज्याला 'एस्केपमेंट' म्हणत. नाव घड्याळाच्या यंत्रणेवरून घेतलेले. जमिनीवर उभा असलेला वैमानिक बटण दाबी, विमानातील विद्युत्‌चुंबक खीळ सोडी, रबर एक टप्पा उलगडे आणि शेपटीचे सुकाणू उजवीकडे जाई. बटण सोडले की मध्यावर. पुन्हा दाबले की डावीकडे. उजवे आणि डावे आळीपाळीने येत असल्याने मागच्या वेळी कोणते झाले हे वैमानिकाने स्वतःच लक्षात ठेवायचे! सलग दोनदा उजवीकडे वळायचे असेल तर मधला डावा टप्पा झटकन ओलांडावा लागे. घाबरलेल्या क्षणी गणती चुकली की विमान झाडाच्या दिशेला वळे. आणि रबराचा पीळ संपला की हुकूम पोहोचूनही काही घडत नसे.

१९५० च्या दशकात 'रीड' संच आले. त्यांचे तत्त्व बाजाची पेटी ऐकणाऱ्याला चटकन समजेल. पेटीत जशा निरनिराळ्या लांबीच्या धातूच्या पट्ट्या असतात, तशाच पोलादी पट्ट्यांचा एक कंगवा ग्राहक-यंत्रात बसवलेला असे. जमिनीवरून ज्या स्वराची लहर येई, तीच पट्टी थरथरू लागे आणि शेजारच्या तारेला स्पर्श करून एक मंडल जोडी. 'वर'साठी एक पट्टी, 'खाली'साठी दुसरी. अशा दहा पट्ट्या म्हणजे पाच क्रिया. आता गणती ठेवण्याची गरज उरली नाही, परंतु हुकूम अजूनही आंधळा होता. सुकाणू एकतर पूर्ण वळे किंवा अजिबात नाही. कुशल वैमानिक बटणाला भराभर टिचक्या मारून 'अर्धे वळण' निर्माण करीत. त्या टिचक्यांवर स्पर्धा जिंकल्या जात. ही कला खरी होती, पण ती यंत्राच्या उणिवेवर मात करण्यासाठी जन्मलेली कला होती आणि यंत्र सुधारताच ती नाहीशी झाली.

याच सुमारास 'गॅलपिंग घोस्ट' नावाचा एक विलक्षण उपाय प्रचलित होता. त्यात सुकाणू कधीच स्थिर राहत नसे. ते सतत इकडून तिकडे फडफडत राही. डावीकडचा काळ अधिक आणि उजवीकडचा कमी ठेवला की विमान सरासरीने डावीकडे वळे. फडफडण्याचा वेग बदलला की शेपटीचा दुसरा पंख वर-खाली होई. विमान आकाशातून शेपूट हलवत, लडखडत जाई. नावाचे रहस्य तेच. दिसायला हास्यास्पद असले तरी या उपायात एक महत्त्वाचे बीज होते : हुकमाचे प्रमाण *काळाच्या मापात* पाठवता येते.

दुसरी वाट अधिक सरळ वाटणारी होती. कांडी जितकी सरकवली तितके विद्युत्‌-दाबाचे मूल्य विमानात निर्माण करायचे आणि सर्व्होने त्या मूल्याशी आपली स्थिती जुळवायची. १९६० च्या आगेमागे असे 'प्रमाणबद्ध' संच बाजारात आले. ते महाग होते आणि लहरीही होते. उन्हात तापमान वाढले, बॅटरी उतरली किंवा एखादा सुटा भाग जुना झाला की मूल्य सरके आणि कांडी मधोमध असतानाही विमान हळूहळू एका बाजूला कलू लागे. आकाराच्या, दाबाच्या, उंचीच्या मापांत पाठवलेला निरोप वाटेत बिघडतो, ही त्यातील मूळ अडचण.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत डग स्प्रेंग याने स्पंदाच्या रुंदीवर चालणारा फीडबॅक सर्व्हो घडवला आणि डॉन मॅथर्स याच्यासमवेत 'डिजिकॉन' नावाचा संच तयार केला. पाठोपाठ बॉनरचा 'डिजिमाइट' आणि फ्रँक हूव्हरच्या कंपनीचा 'डिजिटल फाइव्ह' आले. याच काळात इतरही अनेकजण समांतर वाटेने चालत होते. म्हणून 'सर्व्होच्या संकेताचा जनक' अशी एकाच नावाची पाटी लावण्याचा मोह टाळलेला बरा. हौशी तंत्राच्या इतिहासात कागदपत्रांपेक्षा जाहिरातीच अधिक टिकतात, आणि जाहिरात नेहमी स्वतःलाच पहिले म्हणते.

आता त्या संचाची युक्ती. प्रश्न असा की रेडिओची वाट एकच आणि सर्व्हो चार, सहा किंवा आठ. प्रत्येकाला वेगळा हुकूम कसा पोहोचवायचा?

उत्तर पंगतीसारखे आहे. वाढपी पहिल्या पानापासून निघतो. प्रत्येक पानापाशी तो किमान १ आणि कमाल २ मिलिसेकंद थांबतो. नेमका किती वेळ थांबायचे हे त्या पानाच्या कांडीवर अवलंबून. एक पान सोडून दुसऱ्याकडे वळताना प्रक्षेपक एक अतिशय आखूड खूण पाठवतो, साधारण एक-तृतीयांश मिलिसेकंदाची. शेवटचे पान झाले की वाढपी रिकाम्या हाताने पंगतीच्या आरंभी परत येतो. हा परतीचा काळ म्हणजे खूण नसलेली दीर्घ शांतता, कोणत्याही पानापाशीच्या मुक्कामाहून लांब. विमानातील ग्राहक-यंत्र ही शांतता ओळखते आणि 'आता पुन्हा पहिले पान' असे समजून मोजणी नव्याने सुरू करते. एखादी खूण गोंगाटात हरवली तरी पुढच्या शांततेनंतर सारे पुन्हा जागेवर येते.

आणि इथेच २० मिलिसेकंदांचे कोडे सुटते. आठ पाने, प्रत्येकी जास्तीत जास्त २ मिलिसेकंद, म्हणजे १६. उरलेले ४ मिलिसेकंद शांततेसाठी. एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणून सेकंदाला ५० फेऱ्या. आजच्या प्रयोगशाळेत एकच सर्व्हो एकाच तारेने जोडलेला असतानाही तो दर २० मिलिसेकंदांनी स्पंदाची वाट पाहतो. कारण त्याच्या शेजारी सात अदृश्य पाने अजून मांडलेली आहेत.

या रचनेतील सर्वांत देखणी गोष्ट ग्राहक-यंत्राच्या साधेपणात आहे. त्याला काहीही मोजावे लागत नाही. प्रत्येक खूण आली की ते फक्त एका तारेवरचा दाब उतरवते आणि पुढच्या तारेवरचा चढवते. त्यामुळे दोन खुणांमधील काळ जितका, तितक्याच रुंदीचा स्पंद त्या-त्या सर्व्होच्या तारेवर आपोआप उमटतो. मोजण्याचे काम सर्व्होने स्वतःच करायचे. वजन, किंमत आणि बिघाड, तिन्ही कमी. संकेताचे जे रूप आज आपण 'सर्व्होचा संकेत' म्हणून ओळखतो, ते मुळात या वाटपाचे उपउत्पादन आहे.

सर्व्हो मोजतो कसे? त्याच्या पोटात चार वस्तू असतात : एक लहान मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकांची मालिका, बाहेरच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि एक इलेक्ट्रॉनिक पट्टी. पोटेन्शिओमीटर म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या गोल बटणामागे असतो तोच भाग. दांडा फिरला की त्याचा रोध बदलतो. बाहेरून स्पंद सुरू होताच सर्व्हो स्वतःचाही एक स्पंद सुरू करतो. या अंतर्गत स्पंदाची रुंदी पोटेन्शिओमीटर ठरवतो, म्हणजेच दांडा सध्या कुठे आहे ते ठरवते. मग दोन्ही स्पंदांची तुलना होते, तागडीच्या दोन पारड्यांसारखी.

दांडा मध्यावर आहे, अंतर्गत स्पंद १.५ मिलिसेकंदांचा आहे, आणि बाहेरून १.७ चा हुकूम आला असे समजा. ०.२ मिलिसेकंद शिल्लक उरतात. शिल्लक बाहेरच्या बाजूची असल्याने मोटर एका दिशेला फिरते. दांडा सरकतो, पोटेन्शिओमीटर बदलतो, पुढच्या काही फेऱ्यांत अंतर्गत स्पंद १.६ चा होतो, शिल्लक ०.१ उरते. दांडा आणखी सरकतो. दोन्ही १.७ झाले की शिल्लक शून्य आणि मोटर शांत. हुकूम १.३ चा असता तर शिल्लक दुसऱ्या पारड्यात पडली असती आणि मोटर उलट फिरली असती. ग्रेट ईस्टर्नच्या सुकाणूचे तत्त्व ते हेच, फक्त वाफेऐवजी बॅटरी आणि अवजड यंत्राऐवजी काही ग्रॅम.

अडचण एक होती. २० मिलिसेकंदांत ०.१ मिलिसेकंदाचा धक्का म्हणजे मोटरला फुंकर. तेवढ्याने ती हलणार नाही. म्हणून ही शिल्लक ताणून लांब करणारे मंडल जोडावे लागले. उलट, अगदी सूक्ष्म शिल्लकीकडे दुर्लक्ष करण्याचीही तरतूद करावी लागली, नाहीतर दांडा मध्यबिंदूच्या आजूबाजूला थरथरत राहिला असता. या दोन तडजोडींत सर्व्हो बनवणाऱ्याचे खरे कसब दिसे.

येथे दोन प्रचलित गैरसमजांचा निकाल लावणे योग्य ठरेल.

पहिला, वर्गातला. सर्व्होचा कोन 'स्पंदाचे फेरीशी असलेले प्रमाण' ठरवते असे सर्रास शिकवले जाते, कारण दिव्याची चमक किंवा पंख्याचा वेग तशाच प्रमाणाने बदलतात. सर्व्होला त्या प्रमाणाशी कर्तव्य नाही. १.५ मिलिसेकंदांचा स्पंद २० मिलिसेकंदांनी आला तर प्रमाण ७.५ टक्के, १५ मिलिसेकंदांनी आला तर १० टक्के. दांडा मात्र दोन्ही वेळा मध्यावरच राहील. पंगतीत वाढपी किती वेळा फिरून येतो याला महत्त्व नाही, पानापाशी किती वेळ थांबतो यालाच आहे.

दुसरा, नावातला. हे संच 'डिजिटल प्रमाणबद्ध' म्हणून विकले गेले आणि ते नाव पुढे इतिहासलेखनातही शिरले. वास्तविक त्या स्पंदाची रुंदी १ ते २ मिलिसेकंदांमधील कोणतीही असू शकत होती. तिच्यात आकडे नव्हते, पायऱ्या नव्हत्या. केवळ दाब 'आहे' किंवा 'नाही' एवढ्याच दोन अवस्था असल्याने विक्रेत्यांनी तिला डिजिटल म्हटले. साठच्या दशकात तो शब्द नवलाईचा होता. आज ज्याला 'डिजिटल सर्व्हो' म्हणतात तो याहून निराळा : त्याच्या पोटात सूक्ष्म-संगणक असतो आणि तो मोटरला सेकंदाला शेकडो वेळा धक्के देतो. हुकूम मात्र तोच जुना स्पंद घेऊन येतो.

नव्या पद्धतीने खेळ पालटला. १९६७ मध्ये कॉर्सिका बेटावर झालेल्या जागतिक स्पर्धेत स्वतः नियंत्रण-संच बनवणारा अमेरिकन फिल क्राफ्ट विजेता ठरला. टिचक्यांचे युग मागे पडले. सत्तरच्या दशकात सिग्नेटिक्सच्या 'एनई५४४'सारख्या एकात्मिक मंडलांनी सर्व्होची जवळपास सारी इलेक्ट्रॉनिक पट्टी एका चिपमध्ये सामावली. जपानी कंपन्या बाजारात उतरल्या आणि किमती खाली आल्या.

पूर्ण एकमत मात्र कधीच झाले नाही. फुताबाने मध्यबिंदू १.५ ऐवजी १.५२ धरला, जर्मनीच्या मल्टिप्लेक्सने दीर्घकाळ १.६ धरला. तारांचा क्रम, जोडणीचा आकार, रंग, सगळ्यांतच घरोघरी मातीच्या चुली. तरीही मूळ चौकट कोणी मोडली नाही, कारण तसे करणाऱ्याचा सर्व्हो दुसऱ्याच्या ग्राहक-यंत्राला जोडता आला नसता आणि ग्राहक दुकानातून रिकाम्या हाताने परतला असता.

विमानातून हा संकेत पुढे हौशी यंत्रमानवांत आला. २००५ मध्ये इटलीतील इव्ह्रेआ गावी जन्मलेल्या 'आर्दुइनो' या फलकाने तो जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला. त्याच्या सर्व्हो-संहितेत किमान रुंदी ५४४ मायक्रोसेकंद, कमाल २४०० आणि सुरुवातीची १५०० अशी मूल्ये लिहिलेली आहेत. कमाल-किमान ताणलेली असण्याचे कारण व्यावहारिक आहे. विमानाच्या सुकाणूला पाऊण काटकोनही पुरतो, पण यंत्रमानवाच्या हाताला अर्धवर्तुळ हवे असते. त्याच संहितेत फेरीचा काळ २०,००० मायक्रोसेकंद असा नोंदलेला आहे.

नव्या विमानांत आता प्रक्षेपकापासून ग्राहक-यंत्रापर्यंतचा निरोप खऱ्या अर्थाने आकड्यांत जातो. पंगत, खूण आणि शांतता यांची त्या वाटेवर गरज उरलेली नाही. ग्राहक-यंत्र ते आकडे वाचते आणि शेवटच्या काही सेंटिमीटरच्या तारेवर त्यांचे पुन्हा १ ते २ मिलिसेकंदांच्या स्पंदांत रूपांतर करते, कारण तारेच्या टोकाला बसलेल्या साध्या सर्व्होला दुसरी भाषा येत नाही.